तीन नंबरच्या दाराची सेगुलामावशी

हॉलंडमधल्या झूटरमेरच्या बाजारपेठेत, चाव्या करून देणाऱ्याच्या शेजारी, कपडे दुरुस्तीचं एक चिंचोळं दुकान होतं. नवा हिवाळी कोट घेऊन मी तिथे गेले, कारण इथले कोट इथल्या माणसांच्या मापाने शिवतात आणि माझे हात बाह्यांत बोटांपर्यंत बुडत होते. दुकानातली बाई साठीच्या आतबाहेरची, सावळी, बुटकी, केस आखूड कापलेले. मला वाटलं सुरिनामी असेल, इथे भारतीय वंशाचे सुरिनामी पुष्कळ. आम्ही डचमध्येच बोललो. तिने माझा हात सरळ धरला, टेप लावला आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटली, "पन्नास... एक्कावन्न... साडेएक्कावन्न."

मी चमकून हात मागे घेतला. "तुम्ही मराठी आहात?"

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बोलते मराठी. मराठी हाय का, ते ठाव नाय. तू कुणाची गो?"

सेगुला बाकर, माहेरची झिराडकर, हिची माझी ओळख अशी झाली. अलिबागजवळच्या झिराड गावचं हे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातलं यहुदी कुटुंब. पिढ्यान् पिढ्या तेलाचा घाणा चालवणारं, शनिवारी बैल न जुंपणारं, म्हणून गावाने 'शनवार तेली' म्हटलेलं. १९६६ साली, सेगुला पाच वर्षांची असताना, तिचा बाप हाइम बायकामुलांना घेऊन इस्रायलला गेला. तिची मराठी त्या साली होती तिथेच थांबली होती. ती ट्रेनला आगगाडी म्हणायची, बसला मोटार. मी तिला लगेच मावशी म्हणू लागले, कारण तिला दुसरं काही म्हणता आलंच नसतं.

शिलाई मशीनच्या वर भिंतीला एक फोटो होता. पत्र्याच्या छपराची एक मोठी शेड, तिच्या दारात दोनेकशे माणसं, आणि माणसांच्या डोक्यावर केशरी-काळं भलंमोठं कापड. मला वाटलं गिरणीचा संप असेल.

"संप कसला! हे तीन नंबरचं दार," ती म्हणाली. त्यानंतरचा अर्धा तास गिऱ्हाइकांनी बाहेरून दुकानाची काच ठोठावली तरी तिने पाहिलं नाही.

तिचं गाव नेवे एशेल. बीरशेबाच्या खाली तासाभरावर, वाळवंटात. सरकारने तिथे आधी मोरोक्कोहून आलेल्यांना बराकीत उतरवलं, मग झिराडकरांसारख्यांना. गावात एक कापडगिरणी, एक बेकरी आणि बेकरीमागे डांबराचं पटांगण. मोरोक्कोच्या पोरांनी पटांगणाच्या दोन टोकांना खांब रोवून लोखंडी कड्या ठोकल्या होत्या. उन्हाळ्यात डांबर मऊ व्हायचं आणि बॉलला चिकटायचं. याच पटांगणावर १९५९ साली 'बेने एशेल' हा बास्केटबॉलचा संघ उभा राहिला. बेने म्हणजे लेकरं. हाइमला ते नाव फार आवडलं. आपण एकदा बेने होतोच, आता दोनदा झालो, असं तो म्हणायचा.

त्या वर्षांत भारतातून आलेल्यांना लोक विचारायचे, तुम्ही खरे यहुदी कशावरून? लग्न ठरलं की पुरावे मागायचे. हाइम गिरणीत खाली मान घालून काम करायचा, घरी येऊन गप्प बसायचा. "पण हॉलमध्ये तसला काय नव्हता," मावशी म्हणाली. "तिथं एकच विचारायचे, कुणाच्या बाजूचा? आमच्या बाजूचा? मग ये, बस."

हॉल बांधला तो सत्तरच्या सुमारास. पहिलं दार खेळाडूंचं, दुसरं पंचांचं आणि बड्या मंडळींचं, तिसरं गावाचं. हाइम झिराडहून आणलेली ढोलकी घेऊन तिसऱ्या दाराने आत गेला. मोरोक्कोच्या लोकांकडे मातीची दरबुका होती. पहिल्या दिवशी दोन्ही वाद्यांची चांगलीच जुंपली. कुणीतरी हाइमला म्हणालं, तुझं लाकूड बंद कर. त्याने केलं नाही. मध्यंतरानंतर दरबुकावाले त्याच्या ठेक्यावर आले. पुढची पन्नास वर्षं बेने एशेलची गाणी अशीच राहिली. शब्द हिब्रू, चाल मोरोक्कोची, ठेका कोळीवाड्याचा. तेल अवीवहून येणारे प्रेक्षक ओरडायचे, "जा तुमच्या उंटांकडे!" पुढच्या वेळी नेवे एशेलच्या लोकांनी हॉलच्या दाराशी खराच उंट आणून बांधला आणि त्याच्या गळ्यात केशरी-काळी पट्टी घातली. तेव्हापासून त्यांनी स्वतःलाच 'गमालिम' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे उंट.

मावशी गिरणीत शिवणकाम करायची. गिरणीतलं डागाचं कापड बायका रंगवायच्या, त्याचे झेंडे शिवायच्या. फोटोतलं ते अवाढव्य कापड तिने आणि तिच्या आईने आठ दिवसांत शिवलं होतं. १९७८ साली संघ पहिल्यांदा वरच्या लीगमध्ये गेला, तेव्हा हाइमने एलियाहू हन्नबीला, म्हणजे प्रेषित एलियाला, बोललेला नवस फेडला. पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. अख्ख्या तिसऱ्या दाराने मलिदा खाल्ला.

"आणि ट्रॉफी?" मी विचारलं. "कधी जिंकलात की नाही?"

तिने कोटाची बाही उलटी केली आणि टाचण्या लावू लागली. "एकदा. जिंकलोच व्हतो."

कपची फायनल, १९८३, तेल अवीव. पन्नास मोटारी गावातून गेल्या, गावात म्हातारे आणि कुत्री तेवढी राहिली. एक गुण मागे, वेळ संपलेली, आणि बेने एशेलच्या कप्तानाला दोन फ्री थ्रो. दोन्ही टाकले तर कप, एक टाकला तर जादा वेळ. शिमोन त्याचं नाव. बेकरीवाल्याचा मुलगा, गावातलाच. दोन्ही चुकले.

"मग काय केलंत तुम्ही लोकांनी त्याचं?"

"काय करणार गो? तो गावचा. पुढं पेट्रोलपंपावर बसायचा. मेला तवर कुणी त्या दिवसाचा नाव त्याच्यासमोर काढला नाय. पोरांना पन शिकवलेला. शिमोनकाकासमोर कप म्हनायचा नाय, चहाचा कप पन ग्लास म्हनायचा." सांगताना ती हसली नाही. "पन त्याला ते कळत व्हताच ना. सगळं गाव मुद्दाम बोलत नाय, हे माणसाला कळतं."

तिचा नवरा विम बाकर तिला त्याच हॉलमध्ये भेटला. जवळच्या किबुत्झवर, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीवर, युरोपातली तरुण पोरं कामाला यायची, त्यांतला हा डच. साडेसहा फुटी. मॅच बघायला आला आणि नेमका हाइमच्या पुढे उभा राहिला. हाइम मराठीत ओरडला, "अरे बस की खाली, ताडा!" विमला शब्द कळला नाही पण तो बसला, तो सेगुलाच्या शेजारी. १९८५ साली ती त्याच्याबरोबर हॉलंडला आली. पुढच्याच वर्षी बेने एशेल खालच्या लीगमध्ये घसरला. दोन्हींचा संबंध नाही हे तिला कळायचं. तरी ती म्हणायची, "मी उठून गेले ना मधेच."

चाळीस वर्षं ती इथून त्या संघाच्या मागे राहिली. आधी धाकटा भाऊ एझ्रा पत्रात निकाल लिहायचा, ते दहा-बारा दिवसांनी कळायचे. मग रविवारी फोन. मग इंटरनेट आलं आणि ती दुकान बंद करून संध्याकाळी संगणकासमोर बसू लागली. विमला बर्फावरच्या शर्यती आवडायच्या. शेजाऱ्यांना फुटबॉल. "देवानं ह्यांना एवढी उंची दिली," ती कपाळावर हात मारून म्हणायची, "आणि हे पायानं खेळतात!"

मी तिला भेटले त्याच्या आदल्या वर्षी विम गेला होता. मुलगी मिरयम, सगळे मिरी म्हणतात, आम्स्टरडॅमला राहायची, स्लोटरडाइकमधल्या एका विमा कंपनीत कामाला होती. मावशी एकटीच होती. मग मीच तिच्या घरी जाऊ लागले, आणि हळूहळू लॅपटॉपसमोर तिच्या शेजारी बसू लागले. मला खेळातलं काही कळत नव्हतं. पण एझ्राने हाइमनंतर ढोलकी घेतली होती आणि एझ्राचा मुलगा योनातान त्याच्याशेजारी उभा राहून घोषणा द्यायचा. तिसऱ्या दाराचा व्हॉट्सअॅप ग्रुपही त्यानेच काढलेला. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला की मावशी पडद्यावर बोट ठेवायची. "हा बघ माझा भाचा. बघ बघ, गेला."

किंग्ज डेला, म्हणजे राजाच्या वाढदिवसाला, सगळा देश केशरी कपडे घालतो. त्या दिवशी ती जुना केशरी-काळा स्कार्फ गळ्यात घालून बाजारभर फिरायची. लोक हसून शुभेच्छा द्यायचे. "वर्षातला एक दिवस हा अख्खा देश आमच्या बाजूनं," ती म्हणायची.

मग २०२३ चा ऑक्टोबर आला. सात तारखेच्या हल्ल्यात तिकडे माणसं मारली गेली, ओलीस नेली गेली. त्यानंतर गाझावर बॉम्ब पडू लागले ते थांबेनात. लीग बंद पडली. योनातानला राखीव सैनिक म्हणून बोलावलं. डिसेंबरात तो गाझात मारला गेला. चोवीस वर्षांचा होता.

मी गेले तेव्हा मिरी आलेली होती. दोघी सोफ्याच्या दोन टोकांना बसल्या होत्या. मिरी लहानपणी दर उन्हाळ्यात या मामेभावाबरोबर खेळलेली. रडून तिचा चेहरा सुजला होता. आणि तीच मिरी त्याआधी दोन शनिवार आम्स्टरडॅमच्या मोर्च्यात गेली होती, गाझातल्या मुलांसाठी. त्यानंतरही जात राहिली. मावशीने तिला कधी अडवलं नाही.

"तुम्हाला राग नाही येत?" मी एकदा विचारलं.

"कशाचा? ती रडते ती खोटी का? ती पोरं मेली ती खोटी का? आणि योनातान खोटा का?" तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मला कुठल्या बाजूला बसायचा तेच कळत नाय गो आता."

लीग पुन्हा सुरू झाली. एझ्रा हॉलला गेला नाही. मावशीने सवयीने फोन करून स्कोअर विचारला तर तो म्हणाला, "कसला स्कोअर?" तिने पुन्हा विचारलं नाही. पण ती मॅच बघत राहिली, आवाज बंद करून. आणि मधल्या काळात वरच्या लीगमध्ये परतलेला बेने एशेल त्याच वर्षी तिथे पाचवा आला. चाळीस वर्षांत एवढा वर कधी आला नव्हता. पुढच्या मोसमात युरोपातल्या एका दुय्यम स्पर्धेत त्यांना जागा मिळाली. युद्धामुळे त्यांचे घरचे सामने दुसऱ्याच देशात, रिकाम्या हॉलमध्ये होणार होते. गटात एक डच संघ निघाला. त्याचं गाव आमच्यापासून बसने पाऊण तासावर.

तिने मला ऑफिसात फोन केला. असं तिने आधी कधी केलं नव्हतं. "वल्लरी, ते हितं येतात. हितं! जानेवारीत!"

मी म्हटलं, "मी येते तुमच्याबरोबर. नक्की."

नोव्हेंबरात आम्स्टरडॅमला एका फुटबॉलच्या मॅचच्या वेळी इस्रायलहून आलेले प्रेक्षक आणि शहरातली माणसं यांच्यात मारामाऱ्या झाल्या. आठवडाभर टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. जो तो आपापल्या फोनमधला व्हिडिओ दाखवायचा. ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर लोक बोलता बोलता थांबू लागले. घरी माझा नवरा सुबोध म्हणाला, "तू त्या मॅचला जाणारेस?"

"हो. शब्द दिलाय."

"जा. मी नाही म्हणत नाही. पण आपल्या डच नागरिकत्वाचा अर्ज दिलेला आहे. बाहेर कुणी फोटो काढला, कुठे टाकला, कुणीतरी एचआरला पाठवला... कशाला हे? आपला काय संबंध त्यांच्या भांडणाशी?"

मी त्याला भेकड म्हटलं. पण त्या शनिवारी मावशीकडे गेले तेव्हा ती स्कार्फची सुटलेली किनार पुन्हा शिवत होती, आणि मी म्हटलं, "मावशी, हा नको घालायला. हिब्रू अक्षरं आहेत त्यावर. निदान कोटाच्या आत घाला."

मिरीही तेच म्हणाली होती, फोनवर, रागाने. आई, लोक मरतायत आणि तू चेंडू बघायला निघालीस, तोही ती पट्टी घालून. मावशीने मला ते सांगितलं, सुई ठेवली आणि म्हणाली, "बरं बाय. आत घालते."

मॅचच्या दोन दिवस आधी त्या गावच्या खेमेंतेने, म्हणजे नगरपालिकेने, निर्णय दिला. सुरक्षिततेसाठी मॅच प्रेक्षकांविना होईल, संध्याकाळऐवजी दुपारी दोनला. तिकिटं रद्द. मी दुकानात सांगायला गेले तर तिला कळलेलं होतं. ती एका गिऱ्हाइकाची चेन बसवत होती.

"तरी जायचा," ती म्हणाली.

"आत सोडणार नाहीत."

"ठाव हाय. बाहेर उभी राहीन. बॉलचा आवाज येतो बाहेर. आमच्या हॉलच्या बाहेर गल्लीत पन यायचा."

मी ऑफिसातून अर्धी रजा घेतली. सुबोधला सांगितलं नाही. बसमध्ये ती खिडकीशी बसली होती, कोट गळ्यापर्यंत बंद, आणि कोटाखाली छातीशी स्कार्फचा फुगवटा. बाहेर सपाट ओली शेतं, कालवे, मेंढ्या. ती काहीतरी गुणगुणत होती, हिब्रू असावं. मी विचारलं नाही.

हॉल म्हणजे एक नवी करडी इमारत, आजूबाजूला सायकल स्टँड आणि पोहण्याचा तलाव. रस्ता लोखंडी जाळ्यांनी अडवलेला. पोलिसांच्या चार गाड्या. पलीकडच्या कोपऱ्यावर साठ-सत्तर जणांचा निषेध, पॅलेस्टाइनचे झेंडे, मुलांचे फोटो लावलेले फलक, बरेचसे विद्यार्थी. ते शांत होते. मला त्यांच्यात मिरी दिसेल अशी भीती वाटली. ती नव्हती.

आम्ही जाळीपासून थोड्या अंतरावर उभ्या राहिलो. एक तरुण पोलीस जवळ आला. "मेफ्राऊ, इथे काय करताय?"

"ऐकतेय," मावशी डचमध्ये म्हणाली.

त्याला समजलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, जिने घरी नवऱ्याला भेकड म्हटलं होतं, ती पटकन म्हणाले, "आम्ही बसची वाट पाहतोय." तो म्हणाला, बसथांबा मागे आहे. मी मान हलवली. मावशी माझ्याकडे बघत होती.

पाऊण वाजता पोलिसांच्या मोटरसायकली आल्या आणि त्यांच्यामागे एक पांढरी बस. काचांना आतून पडदे. कोपऱ्यावर घोषणा सुरू झाल्या. मावशीने हात वर केला. नुसता हात, रिकामा. बस आमच्यापासून दहा पावलांवरून गेली. एका पडद्याची कड हलली, आत एक उंच काळा मुलगा, अमेरिकन असेल, कानांवर हेडफोन. त्याला काय दिसलं असेल? पावसाळी कोटातल्या दोन सावळ्या बायका. त्यांतल्या एकीने हात वर केलेला. त्याने ते निषेधवाल्यांतलंच धरलं असणार, कारण पडदा लगेच बंद झाला.

"स्कार्फ असता तर कळला असता त्यांना," ती म्हणाली. तिने ते मला ऐकवायला म्हटलं नव्हतं. पण बोलली ते मराठीत, आणि तिथे मराठी समजणारी मी एकटीच होते.

दोन वाजले. आम्ही ऐकायला उभ्या राहिलो. पोलिसांच्या गाडीचा जनरेटर घरघरत होता. पाऊस सुरू झाला, मग थांबला. हॉलच्या भिंती जाड होत्या, आतून काहीच बाहेर येत नव्हतं. ना शिट्टी, ना बॉल. ती दीड तास उभी राहिली. मधे एकदा डोळे मिटून तिने मान तिरपी केली, मला वाटलं हिला काहीतरी ऐकू आलं. मग ती म्हणाली, "नाय. चल."

परतीच्या बसमध्ये मी फोनवर निकाल पाहिला. एकतीस गुणांनी हरले होते. संघात नेवे एशेलचा म्हणावा असा एकही खेळाडू नव्हता. उरलेल्या पाचही मॅच ते हरले.

उन्हाळ्यात बातमी आली की बेने एशेल आता स्वतंत्र राहणार नाही. युद्धाची दोन वर्षं संघ चालवून माणसं दमली होती, प्रायोजक गेले होते. शेजारच्या मोठ्या शहरातल्या संघात तो विलीन केला. नवं नाव त्या शहराचं, रंग निळा. पत्र्याच्या हॉलमध्ये आता निवाऱ्यासाठी आणलेल्या खाटा आणि पाण्याची पिंपं भरून ठेवली आहेत, असं एझ्राने सांगितलं. हे सांगायला मात्र त्याने स्वतःहून फोन केला होता.

त्या आठवड्यात मी तिच्याकडे होते तेव्हा व्हॉट्सअॅपचा तो ग्रुप रिकामा होत होता. दर थोड्या वेळाने एक ओळ यायची, अमुक बाहेर पडले. ती चष्मा लावून मला नावं वाचून दाखवत होती. हा बेकरीवाल्याचा पुतण्या. ही माझ्याबरोबर गिरणीत होती. ह्याचा बाप दरबुका वाजवायचा. तासाभरात सगळे गेले. शेवटी दोन नंबर राहिले. तिचा आणि योनातानचा. त्याचा नंबर बाहेर पडणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, तुम्हीही..." ती म्हणाली, "राहू दे."

मग तिचे डोळे बिघडले. डॉक्टरने सांगितलं की मधलं दिसणं जात राहणार, उपाय फार नाही. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा तिने दुकान सोडलं. तिथे आता नखं रंगवून देतात. मिरी म्हणाली, आई, इतक्या लांब एकटी नको राहूस, आणि तिला आपल्यापासून जवळ आल्मेरला, वृद्धांसाठी असतात तशा तळमजल्यावरच्या घरात घेऊन गेली. मिरी दर शनिवारी जाते, आठवड्याचं सामान भरते, फरशी पुसते. प्रेमानेच करते. बोलणं होत नाही. आमचं नागरिकत्व झालं. सुबोधला आइंडहोवनला चांगली नोकरी मिळाली आणि आम्ही तिकडे घर घेतलं. आल्मेर आता आम्हाला दोन तासांवर. मी सहा महिन्यांत दोनदा गेले.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी त्या दिवसाबद्दल बोलले. म्हटलं, मावशी, मी चुकले. स्कार्फ लपवायला सांगायला नको होतं. आणि त्या पोलिसाला बसचं खोटं सांगितलं.

ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. "तू नाय, मी लपवला," ती म्हणाली. "तू नुसता सांगितला."

मी म्हटलं, कुठेतरी दुसरा संघ बघू या आपण, मी तुम्हाला स्कोअर सांगत जाईन. हे बोलल्यावर मला माझीच लाज वाटली.  निघताना तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, कारण तिला माझा चेहरा नीट दिसत नव्हता.

मी रविवारी फोन करते. मिरीने मध्ये विचारलं होतं, तुझ्याशी तरी ती बोलते का, कारण माझ्याशी ती हिब्रूही बोलत नाही. मी म्हटलं, बोलते. ते तेव्हा खरं होतं. आता मी मराठीत विचारते, जेवलात का, झोप लागते का, डॉक्टर काय म्हणाले, आणि ती डचमध्ये उत्तर देते. "खाट वेल." म्हणजे, चाललंय. मी पुन्हा मराठीत काहीतरी विचारते. पुन्हा तेच.

परवाच्या रविवारी तिने तेवढं म्हटलं आणि फोन बाजूला ठेवला, पण बंद केला नाही. पलीकडे टीव्ही चालू होता. हवामान सांगत होते, किनाऱ्यावर वारा, मंगळवारपर्यंत पाऊस. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग नळाचा. मी थोडा वेळ थांबले. मग मीच फोन ठेवला.